कंपनी मोठी, पण कागद कोणाचा?

पत्राचा सारांश: हे वाचक समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावचे. वय २७, आयटीआय फिटर. हिंगणघाटजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात) चार वर्षं पाच महिने झाले काम करतात. हंगामाचे आठ महिने दरमहा १६,५०० रुपये रोख. पुढचे चार महिने मशिनच्या देखभालीसाठी ठेवून घेतात, तेव्हा ९,०००. घरी चार एकर वावर आणि आई-वडील. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी शेठनं २०,००० रुपये उचल दिली होती. आता नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीत २२ हजारांचं पॅकेज चालून आलं आहे. गावातली दोन मुलं तिथेच आहेत. एक म्हणतो, “आयुष्य बनलं.” दुसरा म्हणतो, “येऊ नको, इथे माणसाला नाव नाही, टोकन नंबर आहे.” लग्नासाठी मुली पाहणं चालू आहे आणि ‘जिनिंग’ म्हटलं की पुढचं बोलणं थांबतं. त्यांचा प्रश्न: मोठ्या कंपनीत जावं, की शेठकडेच राहावं?

भाऊ,

तुमच्या पत्रात ‘मोठी कंपनी’ हे शब्द सात वेळा आले आहेत. ‘ठेकेदार’ हा शब्द एकदाच, तोही कंसात: “(भरती ठेकेदारामार्फत आहे).” मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं, म्हणून तिथून सुरू करतो.

तुमचे दोन्ही मित्र खरं बोलत असतील. एकाच गेटमधून आत जाणाऱ्या माणसांच्या नोकऱ्या एकसारख्या नसतात. कोणी कंपनीच्या रोलवर कायम असतो. कोणी फिक्स्ड टर्मवर, म्हणजे कंपनीचाच पण ठरावीक मुदतीचा. कोणी ठेकेदाराचा. कोणी ट्रेनी, कोणी अप्रेंटिस. काम तेच, मशिन तेच. पण ओळखपत्राची पट्टी वेगळी, कित्येक ठिकाणी कँटीनचं कूपनही वेगळं. पगारवाढ, बोनस, कर्जाची सोय, मुलांच्या शिक्षणाची मदत अशा मोठ्या कंपनीच्या ज्या गोष्टी आपण ऐकतो, त्यातल्या बऱ्याचशा फक्त पहिल्या पट्टीवाल्याला मिळतात. ऑर्डर कमी झाल्या की सगळ्यात आधी गेटपास बंद होतो तो ठेक्यावरच्या माणसाचा. तेव्हा त्या दोघांना “कंपनी कशी आहे?” असं विचारू नका. “तुझ्या पगारपत्रकावर वर नाव कोणाचं आहे?” एवढंच विचारा. दोघांचं मत वेगळं का, ते बहुधा तिथेच कळेल.

तुमच्या हातात अजून नेमणूक पत्र नाही, फक्त फोनवरचं बोलणं आहे. ते पत्र आधी मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यात प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे. “आधी जॉइन व्हा, लेटर मागून येईल” असं कोणी म्हणालं, तर जिनिंगचं काम सोडू नका. पत्र आलं की लेटरहेड कोणाचं, पदाचं नाव काय आणि मुदत किती, एवढं आधी पाहा. ‘अप्रेंटिस’ लिहिलं असेल तर मिळणारी रक्कम पगार नसते, विद्यावेतन असतं. त्यावर पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नाही. ‘फिक्स्ड टर्म’ लिहिलं असेल तर ते ठेक्यापेक्षा पुष्कळ बरं, कारण अशा कामगाराला एका वर्षाच्या नोकरीवरही आता ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, लागू होते. कायम कामगारासाठी पाच वर्षांची अट तशीच आहे.

आता २२ हजारांचा हिशेब करू. पॅकेज म्हणजे कंपनीला तुम्ही कितीला पडता तो आकडा. तुमच्या हातात पडतो तो वेगळा. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० धरला आहे. त्यावर मालकाचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,६८०. ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्के, ६७३. बोनस ८.३३ टक्के, १,१६६. मालकाचा ईएसआय ३.२५ टक्के, ५८२. हे सगळं त्या २२ हजारांतच असतं. ते काढलं की पगारपत्रकावरचा एकूण पगार राहतो १७,८९९. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,६८०, तुमचा ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३५, आणि व्यवसाय कर २०० जातो (फेब्रुवारीत ३००). हातात आले १५,८८४ रुपये. कँटीन आणि बसचे पैसे कापत असतील तर आणखी कमी.

म्हणजे आज हंगामात शेठ जे रोख देतो, त्यापेक्षाही हा आकडा कमी आहे. पण इथेच थांबून “मग कशाला जायचं” असं ठरवू नका, वर्षाचा हिशेब धरा. शेठकडे वर्षाला तुमचे होतात १,६८,०००. कंपनीत १५,८८४ गुणिले बारा म्हणजे १,९०,६०८, वर बोनसचे जवळपास १४,०००. साधारण साडेछत्तीस हजारांचा फरक. शिवाय पीएफ खात्यात दरमहा तुमचे १,६८० आणि मालकाच्या वाट्यातले ५१४ साठत जातात, वर्षाला सव्वीस हजारांच्या वर. मालकाचे उरलेले १,१६६ पेन्शन योजनेत जातात; ती पेन्शन मिळायला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. नोकरी बदलली तरी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवा, वर्षं जोडली जातात. दर नव्या ठेकेदारानं नवा नंबर काढून दिला आणि जुना तसाच पडून राहिला, असं फार जणांचं होतं.

हा सगळा फायदा एका गोष्टीवर उभा आहे: तुम्ही राहणार कुठे? तुमच्या तालुक्यातल्या जाम गावच्या चौकातून कंपनीची बस मिळत असेल तर हिशेब टिकतो. बुटीबोरीत खोली घेतली, दोघा-तिघांत वाटून भाड्याचे २,००० आणि डब्याचे ३,००० धरले, तर वर्षाला ६०,००० गेले. मग हातातल्या पैशात तुम्ही आजच्यापेक्षा तेवीस हजारांनी मागे पडता. पीएफ वाढतो खरा, पण तो आज किराण्याला कामी येत नाही. म्हणून बस जामला थांबते का, तिन्ही पाळ्यांना असते का, आणि ठेक्याच्या माणसाला तिच्यात बसू देतात का, हे तिन्ही विचारा. तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

बस मिळाली तरी वेळेचा अंदाज घ्या. सकाळी सातची पाळी असेल तर घरून पहाटे सव्वापाचला निघणं आणि दुपारी पावणेपाचला परत. वावराला ही पाळी सोयीची, अंधार पडेपर्यंत दीड-दोन तास मिळतात. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते, घरी यायला पाऊण वाजतो. तिसऱ्या पाळीत सकाळी पावणेनऊला घरी, आणि घरात सगळं सुरू असताना झोपायचं. ज्या आठवड्यात शेतीपंपाला रात्रीची लाइट आणि तुमची पाळीही रात्रीची, त्या आठवड्यात चण्याला ओलित कोण करणार? ऑपरेशननंतर वडिलांना ते जमणार नाही. हे घरात आजच बोला.

शेतीचं आणखी एक. जिनिंगचा मंदीचा काळ आणि खरिपाचा कामाचा काळ एकच आहे. जून ते सप्टेंबर शेठ तुम्हाला नऊ हजारांवर ठेवतो, पण त्याच महिन्यांत तुम्ही पेरणी, डवरणी, फवारणी सांभाळता. ते नऊ हजार कमी दिसतात कारण तुमची शेतातली मजुरी आपण कधी लिहूनच ठेवत नाही. गेल्या खरिपात किती दिवस वावरात काम केलं ते आठवून मांडा आणि गावातल्या मजुरीच्या दरानं गुणा. कंपनीत साधारण वीस दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा जमा होते, वर्षाला पंधरा-एक दिवस. आणि पहिला चांगला पाऊस पडला की त्याच आठवड्यात अर्ध्या खात्याला रजा हवी असते. सुपरवायझर सगळ्यांना देऊ शकत नाही. जे शेतकरी कामगार तिथे टिकले आहेत ते मे महिन्यातच अर्ज टाकतात आणि पाळी बदलून घ्यायला जोडीदार धरून ठेवतात.

आता मोठ्या कंपनीचं चांगलं काय, तेही नीट समजून घ्या, कारण ते पगाराच्या आकड्यात दिसत नाही.

जिनिंगमध्ये रात्री दोनला मोटरचं बेअरिंग ओरडायला लागलं की तुम्ही काय करता? मेन स्विच पाडता, पुलर लावून जुनं काढता, कपाटात ठेवलेलं ६३०९ नंबरचं नवं बेअरिंग तेलात गरम करून शाफ्टवर बसवता. तासाभरात रेचे (सरकी काढणारी यंत्रं) पुन्हा चालू. मोठ्या कंपनीत याच कामाची आधी संगणकावर नोंद होते. मग स्टोअरची चिठ्ठी. मग वर्क परमिट, त्यावर प्रॉडक्शन, इलेक्ट्रिकल आणि सेफ्टीच्या सह्या. इलेक्ट्रिशियन मोटरचा वीजपुरवठा (फीडर) बंद करून कुलूप लावतो, त्याच्याशेजारी तुम्ही तुमचं कुलूप लावता, तुमच्या नावाचा टॅग अडकवता, किल्ली खिशात ठेवता. स्टार्टचं बटन दाबून मोटर खरंच मेलेली आहे ना हे बघता. तेव्हा कुठे पाना हातात घ्यायचा. बेअरिंगसुद्धा तेलाच्या डब्यात नाही, इंडक्शन हीटरवर ११० अंशांच्या आसपास तापवायचं, कारण त्याहून फार वर गेलं तर पोलादाची कठीणता जाते. एका तासाच्या कामाला साडेतीन तास लागतात.

जिनिंगमधून गेलेल्या फिटरला पहिले दोन महिने हे सगळं छळासारखं वाटतं. कित्येक जण “इथे काम कमी आणि कागद जास्त” म्हणून परत येतात. पण ती किल्ली तुमच्या खिशात आहे तोवर, तुमचा हात आत असताना कोणी चुकून स्विच टाकू शकत नाही. आज जिनिंगमध्ये तुम्ही रेच्याच्या पात्याची, म्हणजे नाइफची, सेटिंग करत असता तेव्हा स्विचजवळ कोण उभं असतं? बहुतेक एखादा नवा पोरगा, ज्याला “हात लावू नको” एवढंच सांगितलेलं असतं. तुमची दहा बोटं हीच तुमची पुंजी आहे, आणि ती जपण्याची शिस्त मोठ्या कारखान्यात बहुधा जास्त पक्की असते.

दुसरं चांगलं म्हणजे तारीख. पगार ठरल्या दिवशी बँकेत जमा होतो आणि पगारपत्रक मिळतं. त्याच कागदावर बँक कर्ज देते. ईएसआयमध्ये तुम्हाला आणि बायको-मुलांना उपचार मिळतात, अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही मिळू शकतात. नियमाप्रमाणे वर्गणीचे दिवस भरले असतील तर आजारपणाच्या रजेत सत्तर टक्के मजुरी ९१ दिवसांपर्यंत मिळते. ईएसआयची पगार-मर्यादा २१,००० आहे, तुम्ही तिच्या आत बसता. जिनिंगमध्ये तुम्हाला हे मिळत नाही, याचा दोष मात्र शेठला देऊ नका. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगला हंगामी कारखाना म्हणून कायद्यानंच ईएसआयमधून वगळलं आहे.

पीएफची गोष्ट वेगळी. वीस किंवा जास्त माणसं कामावर असतील तर पीएफ लावणं मालकावर बंधनकारक आहे. हंगामात तुमच्याकडे किती माणसं असतात, मोजून बघा.

टोकन नंबरवाल्या मित्राचं दुःखही खरं आहे. मोठ्या ठिकाणी निर्णय लांबून येतात. तुमचा सुपरवायझर सहा महिन्यांत बदलतो आणि नव्याला तुमचं काम पहिल्यापासून दाखवावं लागतं. तक्रार केली तर “वर पाठवलं आहे” हे उत्तर येतं, आणि ते वर म्हणजे नागपूर, मुंबई की आणखी कुठे, हे त्यालाही ठाऊक नसतं. कामही अरुंद होतं. जिनिंगमध्ये तुम्ही फिटर, वेल्डर, थोडेफार इलेक्ट्रिशियनही आहात. तिथे तीन वर्षं एकाच सेक्शनचे पंप आणि गिअरबॉक्स बघत राहाल. त्यासाठी एक सवय लावून घ्या: वहीत रोज केलेलं काम, मशिनचं नाव, बदललेला पार्ट आणि बिघाडाचं कारण लिहायचं. पुढच्या मुलाखतीत ती वही प्रमाणपत्राच्या तोडीची ठरते.

शेठबद्दल तुम्ही लिहिलंत, “घरच्यासारखं आहे.” उचल दिली, ही लहान गोष्ट नाही, कंपनीत कोणी त्या रात्री वीस हजार काढून देणार नाही. पण त्याच नात्यामुळे तुम्ही दोन हंगाम पगारवाढ मागितली नाही, हेही तुम्हीच लिहिलं आहे. रात्री दोनचा फोन उचलता, त्याचा ओव्हरटाइम मांडत नाही. नातं सांभाळूनही हिशेब बोलता येतो. हंगाम आटोपला की सकाळच्या निवांत वेळी जा आणि दुसऱ्या नोकरीचं नाव न काढता तीन गोष्टी मागा: पगार बँकेत, पीएफ सुरू, आणि मंदीच्या चार महिन्यांत नऊऐवजी बारा हजार. “शेठजी, मला पुढची पाच वर्षं इथेच काढायची आहेत, म्हणून कागद नीट करून घेऊ” असं बोललात तर ते धमकीसारखं लागणार नाही. तिन्हींतल्या दोन मान्य झाल्या तरी बुटीबोरीच्या ठेक्यापेक्षा तुमची बाजू वरचढ राहते. आणि लक्षात ठेवा, पाच वर्षं पूर्ण व्हायला तुमचे सातच महिने उरले आहेत. वर्षभर कामावर असणाऱ्याला ग्रॅच्युइटी वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची, फक्त हंगामापुरत्या कामगाराला हंगामामागे सात दिवसांची. शेठच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव बाराही महिने आहे का, तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

माझं मत विचाराल तर, पत्र ठेकेदाराचं आणि मुदत अकरा महिन्यांची असेल, तर या पैशात जाऊ नका. पत्र कंपनीचं असेल, फिक्स्ड टर्म दोन वर्षं किंवा जास्त असेल आणि जामची बस पक्की असेल, तर जा. तुमच्या वयाला ती शिस्त आणि तो अनुभव पुढे पंचवीस वर्षं कामी येईल. ठेक्यावर जाणं भागच पडलं, तर दर महिन्याला सरकारच्या उमंग अॅपवर पीएफचं पासबुक उघडून पगारातून कापलेले पैसे जमा झाले का ते बघा. दोन महिने काही दिसलं नाही तर ठेकेदाराच्या माणसाशी वाद घालत बसू नका, पगारपत्रकासह कंपनीच्या एचआरकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ओव्हरटाइमचंही तसंच: दर दुप्पट आहे. तासाला ८६ रुपये पडत असतील तर ओव्हरटाइमचा तास १७२ चा. ‘इन्सेंटिव्ह’ नावानं एकेरी दर लावला असेल तर पगारपत्रकावर तो लगेच ओळखू येतो.

हो म्हणण्याआधी एक दिवस मोडा. पहिली पाळी सुटायच्या वेळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसा. तुम्हाला जी पट्टी मिळणार आहे, त्याच पट्टीच्या तीन-चार जणांशी बोला. मागच्या महिन्यात हातात किती आले? शेवटची रजा मागितली तेव्हा काय झालं? गेल्या दोन वर्षांत ठेक्यावरून रोलवर किती जण गेले, त्यांची नावं सांगता येतात का? तिसऱ्या प्रश्नाला “घेतात ना, घेतात” एवढंच उत्तर आलं आणि एकही नाव आलं नाही, तर काय समजायचं ते तुम्ही समजाल. आणि जायचं ठरलंच तर शेठला महिनाभर आधी सांगा, हंगामाच्या मध्यात सोडू नका. निघताना अनुभवाचा दाखला घ्या: रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, कोणत्या मशिन सांभाळल्या, खाली सही-शिक्का.

राहिला लग्नाचा प्रश्न. मुलीकडच्यांना ‘कंपनी’ हवी असते म्हणजे त्यांना दर महिन्याच्या पैशाचा भरवसा हवा असतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण कंपनीचं ओळखपत्र दाखवून लग्न जमलं आणि अकराव्या महिन्यात गेटपास बंद झाला, तर ते त्या मुलीच्या वाट्याला येईल. खरा आकडा सांगा: वर्षाला हातात किती, वावर किती, पीएफ आहे की नाही. आणि पाहायला जाल तेव्हा दहा मिनिटं तिच्याशीच बोला. नवरा तीन आठवड्यांतला एक आठवडा रात्रपाळीला असलेला चालेल का, बुटीबोरीच्या एका खोलीत राहायला आवडेल की गावी, तिला स्वतःला नोकरी करायची आहे का. या प्रश्नांची उत्तरं आजवर तिच्या वडिलांनी दिली आणि तुमच्या वतीनं तुमच्या मामांनी ऐकली. तिनं दिलेल्या उत्तरानं तुमचा हा सगळा हिशेब बदलू शकतो, म्हणून कंपनीला हो-नाही कळवण्याआधी हे बोलणं होऊ द्या.